बेळगावचा रंधा अमरगोळला

हुबळीजवळ अमरगोळला आमची पत्र्याची शेड आहे. चौकटी, खिडक्या, देव्हारे असं काम चालतं. वडिलांनी हातरंध्यावर जन्म काढला. मी हातात धरायच्या विजेच्या रंध्यावर वीस वर्षं काढली. मग उजवा खांदा रोज रात्री बोलायला लागला, तेव्हा उभं मशीन घ्यायचं ठरवलं. अठरा इंची, वर सरफेस, खाली थिकनेस, दोन्ही एकाच अंगात. नवं झेपणारं नव्हतं. बेळगावात उद्यमबागेकडे एका काकांनी कारखाना आवरायला काढलाय असं कानावर आलं. ते ऐंशीला टेकलेले, मुलं परगावी. मशीन पंजाबातल्या बटाल्याचं, त्यांनी चाळीस वर्षं वापरलेलं.

आज ते माझ्याकडे आहे. पण ते इथवर आणताना जे शिकलो, त्याची फी मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर गेली.

१. नवा रंग दिलेलं मशीन दिसलं की खिशातून खडू काढा.

बेळगावच्या आधी हुबळीत एक मशीन पाहिलं होतं. हिरवंगार, कालच रंगवलेलं. माझ्याबरोबर आलेल्या फिटरने टेबलाखालचा एक कोपरा घासून रंग काढला, चिंधीने रॉकेल फिरवलं, पाच मिनिटांनी कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ हळूहळू उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढलं होतं. ही बिडाची गोष्ट आहे. पोलादाला वेल्डिंग चालतं. बीड मात्र आधी तापवायला लागतं, निकेलचा रॉड लागतो, आणि एवढं करूनही शेजारी नवी चीर जाते. विकणारा म्हणाला, "ती रेघ रंगाची आहे." आम्ही चहा न पिता निघालो.

काकांच्या मशीनवर धूळ होती, तेलाचे डाग होते, टेबलावर गंजाचे ठिपके होते. टेबलाखालून खडू फिरवला, काही उमटलं नाही. गंज घासून जातो. चीर जात नाही.

२. आपली फळी आपण न्यावी.

विकणाऱ्याकडे ठेवलेली फळी मऊ असते, आणि ती आधीच चार वेळा रंधलेली असते. मी एक सागाची आणि एक बाभळीची अशा दोन पिशवीत घालून नेल्या. बाभूळ खोटं बोलत नाही. चार फुटी तुकडा थिकनेसमधून काढला आणि चारी कोपऱ्यांना व्हर्नियर लावला. एका बाजूला अर्धा मिलिमीटर फरक आला. तेवढा जुळवता येतो. टोकाचे दोन इंच जरा खोल लागले होते, तो रोलरचा दाब. तोही जुळवता येतो.

मी खूश होऊन पेचकसाची दांडी कानाला लावली आणि टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं. आवाज एकसारखा होता. काका इतका वेळ स्टुलावर बसून बघत होते.

"मोटर ऐकलात. ब्लॉक ऐकलात काय?"

दोन्ही एकदम फिरत असताना वेगळं काय ऐकायचं, ते मला कळेना. त्यांनी मेन स्विच पाडला, बेल्ट उतरवले आणि पाती धरणारा कटर ब्लॉक हाताने फिरवायला सांगितला. डावीकडच्या बेअरिंगमध्ये बारीक खर जाणवली, वाळू चावल्यासारखी. मोटरच्या घुमीत ती बुडून गेली होती. स्वतःच्या मालातली खोट स्वतःच दाखवणारा माणूस. मी तिथेच ठरवलं, भाव पाडायचा नाही. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

३. ब्लॉक गोल हवा.

फार जुन्या मशीनना चौकोनी ब्लॉक असतो. त्याच्या सपाट बाजू आणि टेबल यांच्यात मोठी फट राहते. हात घसरला की बोट नुसतं कापत नाही, आत ओढलं जातं. ब्रिटनने हाताने फळी ढकलायच्या रंधा मशीनवर गोल ब्लॉक सक्तीचा केला तो १९२२च्या नियमांत. आपल्याकडे चौकोनी ब्लॉकवाली अजून विकली जातात, स्वस्तात. ती भंगाराच्या भावातही घेऊ नयेत.

४. काका बोलत होते तेव्हा मी भाव लिहीत होतो.

पैसे ठरल्यावर काकूंनी चहा आणि कुंदा दिला. काकांनी निवांत सांगायला सुरुवात केली. उचलताना टेबलाला पट्टा घालू नका, अंगाच्या फासळ्यांना घाला. टेबलं उतरवू नका, जुळणी जाते. मोटर, फेन्स आणि पाती मात्र उतरवा. आडवं नेऊ नका. वरखाली करायचं हँडव्हील काढून पिशवीत ठेवा. बेल्ट पावसात ढिला पडतो, तो बघत जा.

मी मान डोलवत होतो. डायरीत लिहिलं काय? ठरलेली रक्कम, मोटरच्या पाटीवरचा नंबर, टेम्पोवाल्याचा फोन. बाकी लक्षात राहील असं वाटलं. मोटर, फेन्स, पाती लक्षात राहिली. हँडव्हील नाही राहिलं.

५. फुकटात मिळतंय म्हणून घेऊ नये.

कोपऱ्यात पट्टा करवत होती. काका म्हणाले, ही पण घेऊन जा, भंगारवाल्याला द्यायचं जिवावर येतं. मन विरघळलं. पण गोदावर्मन खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हापासून करवत गिरण्यांवर वनखात्याची नजर करडी आहे, आणि आमच्यापासून दांडेली-हल्याळचं सागाचं जंगल लांब नाही. ओंडके चिरणारी करवत म्हटली की परवाना आला, नोंदवही आली, तपासणी आली. मी चिरलेला माल बिलावर आणतो आणि रंधतो. तेवढ्यात सुख आहे. करवत तिथेच राहिली.

६. कागद.

बिलावर मशीनचा आणि मोटरचा दोन्ही नंबर घ्या. पन्नास हजारांवरचा माल, म्हणून ई-वे बिल काढलं. त्यात गाडीचा नंबर भरावा लागतो. गाडी बदलली की तो नंबरही बदलायचा. गाडी बदलली, त्याचं कारण पुढे.

७. वजन कोणाला विचारू नका, काट्यावर घाला.

काका म्हणाले सहाशे किलो असेल. मी म्हणालो पाचशे. दोघांचाही अंदाज मायेचा. मी छोटा हत्ती टेम्पो सांगितला होता. ड्रायव्हर आला, मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली, पायाने एक ठोकर मारली. मशीन हललं नाही. तो हसून निघून गेला. दोन तास खोळंबून टाटा ४०७ मिळाला. नंतर अमरगोळच्या एपीएमसीजवळच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी गाडी घातली, तेव्हा मोटर धरून सातशे ऐंशी भरलं. छोट्या हत्तीत घातलं असतं तर कित्तूरच्या अलीकडेच त्याने गुडघे टेकले असते.

चढवायला हायड्रा, म्हणजे क्रेन, आणला होता. पट्टा फासळ्यांना घातला. मशीन वर गेलं आणि जड बाजूला कललं, कारण वरच्या टेबलांचं आणि ब्लॉकचं वजन पायांपेक्षा जास्त. ऑपरेटरने खाली घेऊन पट्टा चार बोटं सरकवला आणि पुन्हा उचललं. हायड्रावाल्यांचा मला तेव्हापासून आदर आहे. खाली सागाचे दोन दासे बोल्टने आवळले होते, त्याखाली जुन्या टायरचे तुकडे, पायांना चारी बाजूंनी पाचरी. बांधायला मी नायलॉनचा दोर नेला होता. हिरेबागेवाडीचा टोलनाका ओलांडला, एम. के. हुबळीला मलप्रभेचा पूल ओलांडला आणि कित्तूरला चहाला थांबलो, तेव्हा दोरात हात घालता येत होता. नायलॉन ताणतो आणि ढिला पडतो. तिथल्या दुकानातून रॅचेटवाले पट्टे घेतले, खालच्या अंगाला फुली मारून बांधले. धारवाडात शिरल्यावर जुन्या पी. बी. रोडवर मधली लेन चिगरी बससाठी राखलेली. उरलेल्या जागेत आमचा ४०७ मिरवणुकीतल्या पालखीसारखा चालला होता. मागून हॉर्न वाजत होते.

८. दार मोजलं होतं. वळण मोजलं नव्हतं.

शेडचं दार साडेचार फूट, मशीन साडेतीन फूट रुंद. गणित सुटलं म्हणायचं. पण टेबल सहा फूट लांब, दारासमोरची गल्ली सात फूट, आणि कोपऱ्यावर शेजाऱ्यांचा कडुलिंब. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापून आदल्या दिवशी गल्लीतून फिरवला असता, तर पाच मिनिटांत कळलं असतं. आम्हाला ते सात माणसांच्या आणि चार पाइपांच्या साहाय्याने कळलं.

९. हुकूम एकाच तोंडातून यावा, आणि शक्यतो शिट्टीने.

हायड्रा गल्लीत शिरेना. मग फळ्यांच्या उतारावरून ओढून उतरवायचं ठरलं. एपीएमसीतून चार हमाल आणले. शेंगेची आणि मिरचीची पोती ते लीलया वाहतात. पोत्याला धरायला कुठेही जागा असते, ही त्यांची सवय. मशीनला धरायच्या जागा ठरलेल्या असतात, हे मी सांगायला हवं होतं. माझा भाचा मराठीत ओरडत होता, शेजारी कन्नडमध्ये, मी दोन्हींत.

आता कन्नडमध्ये 'हिडी' म्हणजे धर, आणि 'बिडी' म्हणजे सोडा. एका अक्षराचा फरक. आदराचा 'री' लावला तरी फरक तेवढाच राहतो. मशीन उताराच्या मध्यावर होतं. शेजारी ओरडले, "हिडी! हिडी!" मागच्या दोघांनी ऐकलं ते दुसरं. त्यांनी सोडलं. पुढचा हमाल शहाणा, तो बाजूला उडी मारून गेला. मात्र जाता जाता आधाराला जे हाताशी आलं ते त्याने धरलं: हँडव्हील.

कडकन आवाज आला. सातशे ऐंशी किलो दोन फूट घसरून पाचरीवर थांबलं. माणूस कोणी दुखावला नाही, हे देवाचं देणं. बिडाच्या चाकाचे तीन आरे मात्र तुटले होते. हमाल अर्धं चाक हातात घेऊन माझ्याकडे बघत होता, जणू ते त्याने मला आणून दिलंय.

गावात चालुक्यकाळचं शंकरलिंगाचं देऊळ आहे. संध्याकाळी तिथल्या पायरीवर जाऊन बसलो. ते दगड चढवताना हुकूम कुठल्या भाषेत दिले असतील, असा विचार बराच वेळ करत होतो. ती भाषाही 'हिडी-बिडी'चीच असणार, म्हणजे ज्यांनी केलं ते आमच्यापेक्षा स्पष्ट बोलत असावेत.

१०. तुटलेलं चाक.

बाजारात त्या मापाचं चाक मिळालं नाही. ओतून घ्यायचं तर फौंड्रीला लाकडी पॅटर्न लागतो, आणि तो करणारे मागतात ते पैसे मला ठाऊक होते. मग मीच केला. बीड गार होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. वाळूतून सुटावा म्हणून कडांना किंचित उतार. जुन्या सागाच्या तुकड्यातून दोन दिवसांत झाला. मशीन घेतल्यापासून मी केलेलं ते पहिलं काम, आणि तेही हातरंध्यावर.

११. वीज आधी, मशीन नंतर.

मोटर पाच हॉर्सपॉवर, थ्री फेज. शेडला जोडणी सिंगल फेज. अर्ज मी मशीन आल्यावर केला, ही शुद्ध माझी चूक. मधले सात आठवडे मशीन ताडपत्रीखाली होतं आणि बायको त्यावर पापड वाळवत होती. त्या काळात एक बरं झालं. शेडखाली काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशीही तिच्याबरोबर हलते. मशीनच्या जागेची फरशी फोडली, दोन फूट माती काढली, मुरूम धुमसून काँक्रीट घातलं. टेबलावर पाणसळ ठेवून दर पावसाळ्यानंतर बघतो. अजून बुडबुडा जागेवर आहे.

जोडणी आली तेव्हा इलेक्ट्रिशियनने आधी मेगर लावून वायंडिंग तपासलं, मग बेल्ट न चढवता मोटर सुरू केली. उलटी फिरली. तीनपैकी दोन तारा अदलाबदल केल्या, सुलटी झाली. बेल्ट चढवून सुरू केली असती तर ब्लॉक उलटा फिरला असता. डावीकडचं बेअरिंग बदललं होतंच.

दसऱ्याला आयुधपूजा केली, मशीनला झेंडूची माळ घातली. दिवाळीनंतर एका सकाळी काका दारात उभे. बेळगावहून रेल्वेने धारवाड, तिथून चिगरी बसने नवनगर, पुढे चालत. हातात कापडी पिशवी. त्यात पाती आवळायचा जुना पाना. कारखाना रिकामा करताना फळीमागे सापडला म्हणून तो द्यायला आले होते. नव्या चाकाकडे त्यांनी पाहिलं, हात फिरवला.

"काढून ठेवा म्हणून सांगितलो होतो की मी."

मी काही बोललो नाही. त्यांना स्टूल दिलं, मशीन सुरू केलं, सागाची एक फळी घातली. ढलप्या उडायला लागल्या. काका डोळे मिटून बसले होते. बायकोने चहा आणला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. फळी पलीकडून बाहेर आली. गुळगुळीत, चारी कोपरे सारखे. मी ती त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी फळीकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "बेल्ट ढिला आहे."