थोरल्याची जागा

बिरवाडी हे गाव महाड तालुक्यात आहे. गाव काळ नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे सावित्रीला मिळते. गावाजवळच महाडची औद्योगिक वसाहत आहे. गावात सरकारी आरोग्य केंद्र आहे.

या बिरवाडीतले एक घर आपण डोळ्यांपुढे आणू या. घर ख्रिस्ती आहे. घरात चार माणसे आहेत. आजी, आई, बाबा आणि दीड वर्षाचा मुलगा. बाबा कारखान्यात पाळीने कामाला जातात. आईला चौथा महिना लागला आहे. म्हणजे दीड वर्षाचा हा मुलगा आता थोरला होणार आहे. त्याला ते ठाऊक नाही. पण आपण त्याला आजपासून थोरलाच म्हणू.

दिवेलागण झाली. घरातली माणसे प्रार्थनेला बसली. थोरला आईच्या मांडीवर चढला आणि पदर ओढू लागला.

आजी म्हणाली, "आता याला अंगावरचं दूध तोड गं. पोटातल्याच्या वाट्याचं हा पितोय."

बाबा म्हणाले, "दूध तोडलं तर खाईल काय?"

"पेज खाईल. आमची पोरं पेजेवरच वाढली."

आई काही बोलली नाही. पण रात्री तिला झोप आली नाही. एकाला दिले तर दुसऱ्याचे तुटते काय? आईने कोणाचे बघावे? पोटातल्याचे की मांडीवरच्याचे?

असा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. तो आपण नीट समजून घेऊ.

एका आजाराचे नाव

आफ्रिका खंडात घाना नावाचा देश आहे. पूर्वी त्याला गोल्ड कोस्ट म्हणत. तेथे सिसिली विल्यम्स नावाच्या एक डॉक्टरबाई काम करत होत्या. त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुले येत. मुलांचे पाय सुजलेले असत. केस तांबूस झालेले असत. कातडी सोलून निघे. पुष्कळ मुले दगावत.

बाईंनी तेथल्या आयांना विचारले, "या आजाराला तुम्ही काय म्हणता?" आयांनी सांगितले, "क्वाशिओरकोर." त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ असा : दुसरे बाळ आले म्हणजे थोरल्याला होणारा आजार.

पाहा, किती नेमके नाव! ते नाव पुस्तकातून आलेले नाही. ते आयांनी दिलेले आहे. दुसरे मूल आले की थोरल्याचे दूध एकदम तुटे. मग त्याला मक्याची पातळ कांजी मिळे. पोट भरे, पण अंगाला लागेल असे त्यात थोडेच असे. डॉक्टरबाईंनी १९३५ साली हे नाव लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात छापले. तेव्हापासून ते जगभर गेले.

हा आजार केवळ दूध तोडल्यामुळे होतो असे नाही. अपुरे अन्न, जुलाब, गोवर, अशी बरीच कारणे एकत्र येतात. पण थोरल्याचे दूध जाते आणि त्याच्या बदली चांगले अन्न येत नाही, तेव्हा धोका सुरू होतो. आफ्रिकेतली कांजी आणि आपली नुसती पेज यांत फार फरक नाही.

नर्सबाईंनी काय सांगितले

दुसऱ्या दिवशी आई आरोग्य केंद्रात गेली. आजीही बरोबर गेली. नर्सबाईंनी आईचे वजन केले. रक्तदाब पाहिला. बोटातून रक्त काढून तपासले. मग आजीने आपली शंका विचारली.

नर्सबाई म्हणाल्या, "आजी, आईची प्रकृती चांगली असली, ती पोटभर जेवत असली, तर गरोदरपणात अंगावर पाजलं म्हणून पोटातल्या बाळाचं तुटत नाही. आधीच्या खेपेला महिने भरायच्या आत बाळंत झाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारायचं. दूध पुढं आपोआप कमी होतं. चवही बदलते. काही मुलं आपणहून सोडतात."

"आणि सोडवायचंच असलं तर?"

"एकदम नाही तोडायचं. आधी दुपारचं बंद करा. काही दिवसांनी सकाळचं. रात्रीचं शेवटी. आणि जेव्हा जेव्हा दूध कमी कराल, तेव्हा तेव्हा वाटीत काही घाला. नुसती पेज नको."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "माझा दुसरा असाच सुजला होता. धाकटी पोटात होती तेव्हा. पाय भरले, तोंड भरलं. आम्ही म्हटलं, पोराला बाळसं आलं. ते बाळसं नव्हतं तर."

नर्सबाईंनी आजीचा हात धरला. त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, आजी. आता आपल्याला कळलंय."

सुजलेल्या पायावर बोटाने दाबावे. खळगा पडला आणि तसाच राहिला, तर ते बाळसे नव्हे. मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला एक पट्टी लावतात. तिच्यावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे रंग असतात. तांबडा रंग आला, तर उपचाराला उशीर करू नये.

थोरल्याची वाटी

मग थोरल्याला काय द्यावे? दुकानातून डबे आणायला नकोत. आपल्या घरात आहे तेच द्यावे.

मऊ भात आणि वरण द्यावे. त्यावर चमचाभर तेल किंवा तूप घालावे. कुळथाची पिठी द्यावी. नाचणीचे सत्त्व द्यावे. वाल शिजवून, सोलून, कुस्करून द्यावेत. अंडे द्यावे. मासळी मिळाली तर काटा काढून द्यावी. पालेभाजी आणि केळे द्यावे.

दीड वर्षाच्या मुलाचे पोट लहान असते. एकदम जास्त खात नाही. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोन वेळा थोडे खाणे द्यावे. एका वेळी पाऊण ते एक वाटी पुरते. त्याची वाटी वेगळी ठेवावी. मोठ्यांच्या ताटातून खाल्ले, तर मुलाने किती खाल्ले ते कळत नाही.

सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना आणि गरोदर आईला अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. ही योजना १९७५ सालापासून चालू आहे. आपला वाटा मागून घ्यावा. त्यात लाज कसली?

थोरल्याच्या लसी राहू देऊ नयेत. सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांचा वाढीव डोस असतो. धाकट्याच्या गडबडीत हे विसरते.

आईचे ताट

आपल्याकडे आई सगळ्यांच्या मागून जेवते. उरले तर खाते. गरोदरपणी हे चालणार नाही. तिने सगळ्यांबरोबर बसावे आणि दोन घास जास्त खावेत. दुपारी थोडे पडावे.

चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची एक गोळी घ्यावी. निदान १८० दिवस घ्यावी. बाळंत झाल्यावरही १८० दिवस घ्यावी. गोळी चहाबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. निदान चार वेळा तपासणी करून घ्यावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. लोहाची गोळी थोरल्याला गोड गोळीसारखी दिसते. त्याने मूठभर खाल्ल्या, तर जिवावर बेतते. गोळ्या कुलपात किंवा उंच फळीवर ठेवाव्यात.

अंगावरून रक्त गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, झटके आले, ताप आला, पाणी गेले, बाळाची हालचाल कमी झाली, तर वाट पाहू नये. १०८ नंबरला फोन करावा. पावसाळ्यात नदीला पूर येतो, रस्ता बंद होतो. दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे जाऊन राहावे.

दोन मुले आणि विंचू

बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर नोकरीला आले. तेव्हा या भागात लाल विंचू चावून माणसे मरत. लहान मुले विशेष मरत. डॉक्टर रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसले. विषाने हृदयावर ताण येतो आणि छातीत पाणी भरते, हे त्यांनी पाहिले. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरून पाहिले. गुण आला. १९८६ साली त्यांचा अनुभव त्याच लॅन्सेट पत्रात छापून आला. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

हे येथे का सांगितले? धाकटे आले की आईची नजर त्याच्यावर असते. थोरला तेव्हा सरपणात हात घालतो, चपलेत पाय घालतो. म्हणून बाळ येण्याआधीच घर आवरावे. लाकडे, विटा, गोणपाट भिंतीपासून दूर ठेवावे. अंथरूण झाडून मग मुलाला निजवावे. विंचू चावला आणि मुलाला उलटी, दरदरून घाम, हातपाय गार असे झाले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. तडक दवाखान्यात न्यावे.

बापाचे काम

आई एक, मुले दोन. मग हात कमी पडतात. ते हात बापाने द्यावेत.

आपल्या घरातले बाबा आतापासूनच थोरल्याला आंघोळ घालतात. रात्री त्याला गोष्ट सांगून निजवतात. पहिले चार दिवस तो रडला. आता "बाबा, गोत्त" म्हणून स्वतःच येतो. ही सवय आधी लागली, तर धाकटे आल्यावर त्याला वाटणार नाही, की आईने मला टाकले.

शेजारी म्हणाले, "बायकांची कामं करतोस होय रे?" बाबा म्हणाले, "पोर माझं हाय, मग काम बायकांचं कसं?"

जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. हे ख्रिस्ती जोडपे. त्यांनी १९७० साली जामखेडला कामाला आरंभ केला. खेड्यातल्या बायकांना त्यांनी शिकवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. तरी त्या गरोदर आईची काळजी घ्यायला आणि मुलांची वजने करायला शिकल्या. नवरा-बायको दोघांनी एक काम खांद्याला खांदा लावून केले. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरही तसेच दोघांनी मिळून चालवायचे असते.

घरातली प्रार्थना

पवित्र शास्त्रात याकोबाची गोष्ट आहे. त्याने एकट्या योसेफाला सुंदर झगा दिला. भावांच्या मनात मत्सर पेटला. त्यांनी योसेफाला विकून टाकले. आईबापांचे डावे-उजवे मुलांना लगेच कळते.

दुसरी गोष्ट मोशेची. तान्ह्या मोशेला पेटीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवले होते. त्याची थोरली बहीण दूर उभी राहून पाहत होती. तिच्यामुळेच बाळ परत आईच्या मांडीवर आले. थोरल्याला कामात घेतले, तर तो राखणदार होतो. बाजूला ढकलले, तर तो वैरी होतो.

थोरल्याला म्हणू नये, "बाळ आलं, की तुझे लाड बंद." थट्टेतसुद्धा म्हणू नये. बाळ आल्यावर त्याला लंगोट आणायला सांगावे. बाळाच्या पायाला हात लावू द्यावा. मात्र दोघांना एकटे सोडू नये. तो पुन्हा अंथरुणात लघवी करील, बाळासारखा रांगेल, दूध मागेल. त्याला मारू नये. तो विचारतो आहे, "माझी जागा आहे ना?"

बाळंत झाल्यावर पहिला चीक धाकट्यालाच मिळाला पाहिजे. आधी धाकटे, मग थोरला. पुढच्या मुलाचा विचार निदान दोन वर्षे करू नये. त्यासाठी काय करावे, ते नवरा-बायकोने मिळून नर्सबाईंना विचारावे.

त्या रात्री पुन्हा प्रार्थना झाली. थोरला आईच्या कुशीत होता. त्याच्या हातात त्याची वाटी होती. आज वाटीत वरणभात होता. आजीने डोळे मिटले. तिने आधी थोरल्याचे नाव घेतले. मग पोटातल्या बाळासाठी मागणे केले. मग थोडा वेळ थांबली आणि फार वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या दुसऱ्या मुलाचे नाव घेतले. सर्वांनी आमेन म्हटले.

उत्तरे सांगा

१. क्वाशिओरकोर या शब्दाचा अर्थ काय?
२. बाळसे आणि सूज यांतला फरक कसा ओळखाल?
३. लोहाच्या गोळ्या कोठे ठेवाव्यात? का?
४. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते?

करून पाहा

तुमच्या घरातल्या लहान मुलाने आज काय काय खाल्ले, ते पाटीवर लिहा. रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवा.