हमस करायचं तर आधी पाणी बघा

बोअरच्या पाण्यात कडधान्य लवकर शिजत नाही, हे आमच्या जेऊर भागात कुणाला नव्यानं सांगायला नको. पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाला जो पांढरा थर धरतो, तेच क्षार कुकरमधल्या डाळीलाही आडवे येतात. आमटीतली डाळ थोडी निबर राहिली तरी रवीनं घुसळून वेळ निभावते. लेबनॉनच्या पद्धतीचं हमस करायला बसलात तर मात्र निभावत नाही. काबुली हरभरा, तिळाची पेस्ट, लिंबू, लसूण आणि मीठ, एवढाच ऐवज. त्यात हरभरा नीट शिजला नसेल तर ते झाकायला मसाला नाही आणि फोडणीही नाही.

आमच्या घरी हा पदार्थ आला तो धाकट्या दिरांमुळे. करमाळा तालुक्यातली केळी आखातात जातात, तशी इथली पोरंही जातात. दिरांनी तिकडच्या लेबनीज हॉटेलांत हमस भरपूर खाल्लेलं. सुट्टीवर आले की "वहिनी, एकदा करा ना" म्हणून मागं लागायचे. मी करायची. दिसायला छान व्हायचं, पण घास घेतला की जिभेला बारीक रवा लागायचा. मिक्सरला जास्त वेळ फिरवलं, तेल वाढवलं, तरी रवा तसाच. मग एकदा बोअरची मोटर जळाली आणि दोन दिवस सगळा स्वयंपाक फिल्टरच्या जारवर चालला. त्याच पिशवीतले हरभरे, तोच कुकर, तीच आच. झाकण काढून एक दाणा बोटांत धरला, तर तो न दाबताच पसरला. त्या दिवशीचं हमस दिरांनी बोटानं पुसून खाल्लं.

त्यामागचं कारण साधं आहे. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या पेक्टिनमुळे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. मग शिट्ट्या कितीही द्या, दाणा मऊ पडतो पण फुटत नाही आणि वाटला की रवाळ होतो. खाण्याचा सोडा याच्या उलट काम करतो, पेक्टिन सैल करतो. म्हणून हमसला दोन्ही सांभाळायचं, हलकं पाणी आणि मापात सोडा. फिल्टरचं पाणी भिजवायलाही वापरा आणि शिजवायलाही, कारण दाणा रात्रभर जे पाणी पितो तेच त्याच्या पोटात राहतं. जार नसेल तर पाणी खळखळून उकळा, गार होऊ द्या, गाळ खाली बसला की वरचं निवळ घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण फरक पडतो.

सोड्याचं माप असं: पाव किलो हरभऱ्याला भिजवताना एक चहाचा चमचा, शिजवताना अर्धा. त्याहून जास्त घातला तर सोड्याचीच चव चढते आणि मग लिंबू कितीही पिळा, ती जात नाही. भिजवलेलं पाणी ओतून हरभरे दोन-तीनदा धुवायचेच. घरात सोडा नाही म्हणून फ्रूट सॉल्टची पुडी फोडणारे पाहिलेत, त्यांना कळकळीनं सांगते की तसं करू नका. त्यात सायट्रिक आम्ल असतं, ते सोड्याचं काम तिथंच संपवतं. आम्ल दाण्याला मऊ होऊ देत नाही, म्हणून लिंबूही शिजताना घालायचं नाही.

एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे असतो. अशा दिवसांत ओट्यावर रात्रभर भिजत ठेवलेल्या हरभऱ्यावर सकाळी फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. असे हरभरे धुऊन वापरण्याच्या मोहात पडू नये. उन्हाळ्यात फ्रीजमध्येच भिजवावेत. वेळ थोडा जास्त लागतो, तेवढं धरून चाला.

आता हरभरा कोणता घ्यायचा ते. आपल्या रानात रब्बीला पेरतात ते ‘विजय’, ‘दिग्विजय’ हे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाण देशी आणि तांबूस सालीचे. भाजायला, डाळीला ते उत्तम, पण हमसला नाहीत. हमसला काबुलीच हवा. त्याच विद्यापीठाचा ‘विराट’ हा काबुली वाण आहे. बाजारात मात्र दुकानदार वाणाचं नाव सांगत नाही, ‘छोले’ किंवा ‘डॉलर’ एवढंच म्हणतो. तेव्हा नावापेक्षा वय विचारा. गोदामात उन्हाळा-पावसाळा काढलेला हरभरा दिसायला तसाच असतो, पण त्याची साल आणि गर दोन्ही घट्ट झालेले असतात. थोडे दाणे आणून आधी भिजवून बघा. त्यात कुचर दाणे जास्त निघाले तर तो माल उसळीलाही नको, हमसला तर नकोच. नवा हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो, तेव्हाचा चांगला. चणाडाळीचं करून बघायचा सल्लाही मिळेल. ते घट्ट होतं, पुरणासारखं तोंडात चिकटतं आणि हमसचा हलकेपणा त्यात येत नाही.

इथून पुढचं जास्त काळजीनं वाचा, कारण यात भाजण्याचा धोका आहे. सोडा घातलेल्या हरभऱ्याला प्रचंड फेस येतो आणि सुटलेल्या साली त्या फेसाबरोबर वर चढतात. कुकर काठोकाठ भरला असेल तर साल शिट्टीच्या भोकात अडकते आणि वाफेला वाटच राहत नाही. पाणी आणि हरभरे मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. आधी झाकण न लावता एक उकळी आणा, वर आलेला फेस आणि साली झाऱ्यानं काढून टाका, मगच झाकण लावा. शिट्टीचं भोक उजेडात धरून दर वेळी बघा. शिट्टी झाली नाही आणि कुकर नुसताच घुसमटतोय असं वाटलं तर गॅस बंद करा आणि लांब उभ्या राहा. झाकण ओढायला जाऊ नका.

दुसरा धोका मिक्सरचा. हरभरे गरम असताना वाटले की मऊसूत होतात हे खरं आहे, पण बंद भांड्यात वाफ कोंडते आणि झाकण उडतं. शेजारच्या एका लेकीच्या मनगटावर असंच उकळतं पीठ उडालं, डाग महिनोन् महिने राहिला. यावरचा उपाय आपल्या फळीवरच आहे, पुरणयंत्र. बारीक जाळी लावून गरम हरभरे त्यातून फिरवा. साली वर राहतात, खाली लोण्याइतका मऊ गर पडतो, आणि एकेक दाणा सोलत बसायचं काम वाचतं. गर कोमट झाला की मिक्सरमध्ये घ्या. पीठ घट्ट असतं, मोटरवर ताण येतो, म्हणून सलग फिरवू नका. थांबत थांबत, दोन-तीन बर्फाचे खडे टाकत फिरवा. बर्फानं ते पांढरं आणि हलकं होतं.

तिळाचं वेगळं सांगते. लेबनॉनमधली ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, साल काढलेल्या तिळाची असते. संक्रांतीला आपण वापरतो तेच पॉलिशचे पांढरे तीळ घ्या. गावरान, सालीचे तीळ चटणीला गुणाचे, पण पेस्टमध्ये कडसर उतरतात. मंद आचेवर तीळ फक्त गरम होऊन वास सुटेपर्यंत हलवायचे, रंग बदलायच्या आत ताटात काढायचे. पाव किलो हरभऱ्याला दीडशे ग्रॅम तीळ पुरतात. वाटताना दोन-तीन चमचे वास नसलेलं तेल घाला, आमच्याकडे रिफाइंड करडईचं असतं, ते चालतं. तीळ महाग म्हणून शेंगदाण्याचा कूट घाला, असं सोलापूर जिल्ह्यात कुणीही सांगेल. शेंगदाण्यावर माझाही जीव आहे, पण त्याची चव बाकी सगळ्यावर बसते. मग त्याला चटणी म्हणा, हमस नको.

दोन-तीन लसणाच्या पाकळ्या ठेचून दोन लिंबांच्या रसात दहा मिनिटं ठेवा, लसणाचा उग्रपणा उतरतो. तो रस गाळून ताहिनीत घातला की पेस्ट एकदम आवळते, तिचा राठ गोळा होतो. पुष्कळ जणी इथंच ती फाटली समजून फेकून देतात. फेकू नका. चमचा-चमचा गार पाणी घालत घोटत राहा, काही वेळात ती सुटते आणि दुधट पांढरी होते. मग त्यात हरभऱ्याचा गर आणि मीठ. जुन्या पद्धतीत ऑलिव्ह तेल आत वाटत नाहीत, ताटलीत पसरून वरून सोडतात.

लेबनॉनच्या लोकांचा या पदार्थावर किती जीव आहे ते मे २०१० मध्ये जगानं पाहिलं. बैरूतजवळ त्यांनी १०,४५२ किलो हमसचा विक्रम केला, आणि हा आकडा निवडला तो देशाचं क्षेत्रफळ तितके चौरस किलोमीटर आहे म्हणून. म्हणूनच हिरवी मिरची, दही, कोथिंबिरीचं वाटण घालून त्याला ‘लेबनीज’ म्हणणं मला पटत नाही. हवं तर घाला, पण पहिल्यांदा त्यांच्यासारखं करून चाखा.

वाढल्यावर हमस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात तर एकच तास. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, पण वीज पाच-सहा तास गेली असेल तर ते टाकून द्या. पाहुण्यांना आधी विचारा, कारण काहींना तिळाची ॲलर्जी असते आणि वाटल्यावर तीळ दिसत नाहीत. हरभरे पुरणयंत्रातून काढण्याआधी मूठभर अख्खे दाणे बाजूला ठेवा. थोडे ताटलीवर सजवायला, उरलेल्यांना लसूण, लिंबू, जिरेपूड आणि वरून तेल. लेबनॉनमध्ये त्याला बलीला म्हणतात आणि ते गरम खातात. आमच्याकडे ते ज्वारीच्या भाकरीबरोबर हमसच्या आधी संपतं.