ढोलीतलं मोहोळ ढोलीतच राहू द्या

लोणी काळभोरात मी सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवतो, हे आता पंचक्रोशीत बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. त्यामुळे करंज फुलायला लागला की फोन सुरू होतात. कुणी थेऊरहून करतं, कुणी उरुळी कांचनहून, कुणी फुरसुंगीच्या एखाद्या नव्या सोसायटीतून. विचारणा बहुतेक एकच असते: "आमच्याकडं झाडाच्या ढोलीत मोहोळ आहे, पेटीत भरून देता का?" मी नाही म्हणतो. काहींना ते तुटक वाटतं, म्हणून कारण नीट सांगतो.

आमच्या शिवारात ओढ्याच्या काठी एक जुना उंबर आहे. त्याच्या खोडात खांद्याच्या उंचीवर ढोली होती आणि तिचं तोंड जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात सातेरीचं मोहोळ कित्येक वर्षं नांदत होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यातून थवा निघायचा, तास-दोन तास एखाद्या फांदीला लोंबायचा आणि नवं घर शोधून निघून जायचा. मूळ मोहोळ मात्र जागेवरच. सकाळच्या उन्हात त्या तोंडाशी उभं राहिलं, की परागाच्या पिवळ्या गोळ्या पायांना लावून माश्या आत शिरताना दिसायच्या आणि दारावरच्या पहारेकरी माश्या येणाऱ्या प्रत्येकीला हुंगून आत सोडायच्या. एका मिनिटात किती आत गेल्या हे मोजत बसायचा नाद मला तिथंच लागला.

उंबर ज्यांच्या बांधावर, त्या तात्यांना एकानं गाठलं. पेट्या विकण्याचा त्याचा धंदा. "फुकट मोहोळ आहे, फक्त पेटीचे पैसे द्या, वर्षाला भरपूर मध," असं त्यानं सांगितलं. आणि तो आला ऐन श्रावणात, जेव्हा आपल्याकडं माशीला बाहेर फारसं काही मिळत नाही. कुऱ्हाडीनं आणि पटाशीनं त्यानं ढोलीचं तोंड वीतभर रुंद केलं. पोळी कापून काढली, मधाची पोळी पिळून मध बरणीत भरला, पिल्लांची पोळी केळीच्या सोपटानं चौकटींना बांधली. ओंजळीनं माश्या पेटीत लोटल्या. राणी आली का नाही, हे त्यानं पाहिलंच नाही. पेटी ठेवली तिथंच, दहा-पंधरा पावलांवर, पत्र्याच्या छपरीत.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर चारा गोळा करणाऱ्या माश्या पेटीकडं न जाता उंबराभोवतीच घिरट्या घालत होत्या. माशी आपल्या घराची जागा पक्की लक्षात ठेवते. मोहोळ हलवायचं तर हात-दोन हात हलवावं, नाहीतर थेट काही किलोमीटर दूर न्यावं. मधलं अंतर तिला चुकवतं. आठवडाभरात पेटी रिकामी झाली. बांधलेल्या पोळ्यांतली पिल्लं गारठून काळी पडली होती, मेणकिड्याची जाळी चौकटीभर पसरली होती आणि मुंग्यांची रांग लागली होती. ढोलीत पावसाचं पाणी शिरलं. त्यानंतर त्या उंबरात सातेरी पुन्हा आलेली नाही. बारीक तोंडाची, कोरडी, अंधारी ढोली माशी मुद्दाम निवडते, कारण तेवढं तोंड थोड्या माश्यांना राखता येतं. वीतभर दार गांधीलमाशीला आणि पालीला कसं अडवणार?

पुढच्या हंगामात तात्यांच्या मळ्यात वाकड्या, टोकाला बारीक राहिलेल्या काकड्या जास्त निघाल्या. मोहोळ गेलं हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. पण काकडीला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पराग नेणारं कुणी पुरेशा वेळा आलंच नाही, तर फळ नीट भरत नाही. तात्यांना हे आता कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडं झाडावर दिसणारी प्रत्येक मधमाशी एक नाही, हे आधी ओळखायला शिका. उंच फांदीला किंवा इमारतीच्या सज्जाखाली उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लोंबतं, ते आग्यामोहोळ. झुडपात, कुंपणाच्या डहाळीला तळहाताएवढं एकच पोळं असतं, ती फुलोरी. ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. आणि भिंतीच्या फटीतून डिंकाची नळी बाहेर काढून राहणारी, डंख नसलेली बारकी ती पोयाची माशी. यांपैकी आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत. कितीही हुशार माणूस असू द्या, उघड्यावरची माशी अंधारात कोंडून नांदत नाही. "आग्या पेटीत भरून देतो" असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

चौकटीच्या पेटीत मधासाठी पाळल्या जाणाऱ्या दोनच: आपली सातेरी आणि बाहेरून आलेली मेलीफेरा. मेलीफेरा 1960 च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा बगवां इथं आणून वाढवली गेली. मध ती सातेरीच्या कितीतरी पट देते, हे खरं. पण तिला फुलोराही तितकाच अखंड लागतो, म्हणून मोठे मधपाळ ट्रकमध्ये पेट्या भरून मोहरीच्या, कोथिंबिरीच्या, सूर्यफुलाच्या पट्ट्यांमागं फिरत राहतात. छंद म्हणून परसात दोन पेट्या ठेवणाऱ्याला ते झेपत नाही. शिवाय वरोआ नावाचा गोचीडासारखा परजीवी तिला फार छळतो. हा परजीवी मुळात सातेरीच्याच कुळातल्या माश्यांवरचा. सातेरी त्याला अंगावरून ओढून काढते, तो बहुतांशी नरांच्याच घरांत वाढतो, त्यामुळे दोघांचा तोल टिकतो. मेलीफेराला तो नवा. अमेरिकेत मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी कॉर्नेल विद्यापीठाजवळच्या आर्नॉट जंगलात ढोल्यांतली मेलीफेराची रानटी मोहोळं 1978 मध्ये शोधली होती. वरोआ आल्यावर 2002 मध्ये त्यांनी पुन्हा शोध घेतला, तर मोहोळं जवळपास पूर्वीइतकीच सापडली. औषधाशिवाय, माणसाच्या मदतीशिवाय ती तगली होती. ढोलीतल्या मोहोळाला हात लावू नका असं मी म्हणतो, त्यामागं हेही एक कारण आहे. रानातली जी मोहोळं स्वतःच्या बळावर टिकतात, त्यांच्यातूनच पुढची कणखर पिढी येते.

सातेरीलाही मोठा रोग झालेला आहे. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केल्या. यात अळी कोशात जाण्याआधी मरते, तोंड वर करून पडते आणि चिमट्यानं उचलली तर पाण्याची पिशवी हाती येते. पेटीत असं दिसलं तर त्या पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत अजिबात घालू नका. गावोगावच्या ढोल्यांतून कापून आणलेली मोहोळं एकत्र करून विकणाऱ्याकडून माल घेण्यात हाच धोका आहे. रोग कुठून आला ते कळतसुद्धा नाही.

मग मधमाशी पाळायचीच नाही का? जरूर पाळावी. मी स्वतः पाळतो आणि त्यात मला जो आनंद मिळतो, तो शब्दांत मावणार नाही. पण पेटीच्या आधी शिक्षण घ्या. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे आणि मधकेंद्र योजनेत साहित्यासाठी अनुदान मिळतं. त्याच तालुक्यातल्या मांघर गावाला 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून मान मिळाला. एकदा तिथं जाऊन पेट्या पाहून या. चौकट हातात धरून उन्हाकडं करून अंडी ओळखता येईपर्यंत स्वतःची पेटी घेऊ नका. अंडं म्हणजे घराच्या तळाशी उभी असलेली पांढरी, केसाएवढी रेघ. ते दिसलं म्हणजे राणी गेल्या तीन दिवसांत तिथं होती, एवढं कळतं. राणी प्रत्यक्ष शोधत पेटी उघडी ठेवण्यापेक्षा हे बरं. वसाहत घेताना ती पेटीत वाढवून विभागलेली आहे का, हे विचारा, आणि विकणाऱ्याच्या जागेवर जाऊन पाहा.

लोणीच्या शिवारात वर्ष कसं जातं, हेही आधी समजून घ्या. उसाचा हिरवागार पट्टा पाहून नवख्याला वाटतं, इथं माशीला काय कमी! पण उसाच्या मळ्यात माशीला जवळपास काहीच मिळत नाही. तिचा उसाशी संबंध येतो तो सोलापूर रस्त्याच्या रसवंतीवर आणि दौंडकडच्या गुऱ्हाळांवर, आणि काहिलीत पडून तिथं किती मरतात ते गुऱ्हाळावर उभं राहून पाहावं. माशीचं खरं पोट भरतं ते शेवगा, करंज, कडुनिंब, जांभूळ, बोर, बाभूळ, बियाण्याचा कांदा आणि धण्यासाठी सोडलेली कोथिंबीर यांच्यावर. हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत चांगलं चालतं. वैशाखात फूल असलं तरी पाणी नसतं, म्हणून उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. तुकोबांची पालखी लोणीत मुक्कामाला येते, तिथून पुढं टंचाई सुरू होते. सलग झडीत माशी बाहेर पडत नाही आणि साठा संपला की सातेरी उपाशी मरण्यापेक्षा घर सोडते. तेव्हा साखर आणि पाणी समसमान घेऊन पाक करा आणि संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर थेंब सांडू देऊ नका, नाहीतर शेजारच्या माश्या लुटायला येतात. गूळ घालू नका, त्यानं माश्यांना हगवण लागते.

पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. तळपाट वरचेवर साफ करा, कारण मेणकिडा तिथल्या कचऱ्यातही वाढतो. आणि मध फक्त वरच्या मधकोठीतला काढा. खालच्या कोठीतला मध माश्यांचा आहे, पावसाळ्यात तोच त्यांना जगवतो. सातेरीच्या पेटीतून आपल्या भागात वर्षाला चार-पाच किलो मध मिळाला तरी हंगाम चांगला गेला असं समजा. यापेक्षा मोठा आकडा सांगून पेटी विकणारा तुम्हाला माशीबद्दल सांगत नसतो, मालाबद्दल सांगत असतो.

आग्यामोहोळाबद्दल थोडं कडक लिहितो, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे. रात्री टेंभा लावून पोळं जाळणं ही पद्धत अजून चालते. सकाळी त्या झाडाखाली गेलात, तर गवतात पांढऱ्याशुभ्र कोशांनी भरलेले पोळ्याचे तुकडे आणि पंख जळालेल्या, सरपटत फिरणाऱ्या हजारो माश्या दिसतील. ज्यांनी हे एकदा पाहिलंय, ते पुन्हा कुणाला सुपारी देत नाहीत. आग्या हंगामी असते. ऋतू बदलला की स्वतःहून उठून जाते आणि पुढच्या वर्षी बऱ्याचदा त्याच झाडावर परत येते. तेवढे महिने त्या झाडाखाली धूर, फटाके, डीजे आणि दगड नकोत. ड्रोन तर त्या बाजूला उडवूच नका. पोळ्यावर माश्यांची काळी लाट सरकताना दिसली, तर तो इशारा आहे. मागं फिरा.

अंगावर आल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत, कालव्यात उडी मारू नका. माश्या वर घोंगावत राहतात आणि माणूस बुडतो. डंख त्वचेत राहतो आणि विष सोडत राहतो, म्हणून नखाच्या कडेनं चटकन खरवडून काढा. डंखाच्या जागी जो पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो इतर माश्यांना बोलावणारा असतो, तेव्हा आधी तिथून दूर व्हा. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला, चक्कर आली, तर हळद-चुना लावत बसू नका. एका डंखानंही माणूस दगावू शकतो. अशा वेळी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन वाचवतं, म्हणून थेट दवाखाना गाठा. खूप डंख झाले असतील तर त्रास जाणवत नसला तरी दाखवा, नंतर मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो.

शेजाऱ्यांना एक विनंती मी दर हंगामात करतो. फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी फवारणी नको. अंधार पडता पडता करा, तोवर माश्या घरी परतलेल्या असतात. आणि जमलं तर आदल्या दिवशी सांगा, मी माझ्या पेट्यांची दारं जाळीनं बंद ठेवतो. ढोलीचं दार मात्र कुणालाच बंद करता येत नाही, तेव्हा ती काळजी फवारणाऱ्यालाच घ्यावी लागते.

एकच प्रसंग असा, की मी फोनवर नाही म्हणत नाही. रस्त्यासाठी किंवा प्लॉटिंगसाठी झाड पडणारच असेल आणि ढोलीत सातेरी असेल, तर करवत लावण्याआधी मला किंवा एखाद्या जाणत्या मधपाळाला बोलवा. पोळी कापायची नाहीत. अंधार पडल्यावर ढोलीचं तोंड जाळीनं बंद करायचं, ढोलीच्या बऱ्याच वर आणि बऱ्याच खाली खोड कापायचं आणि तो ओंडका तसाच उचलायचा. वरून कापलेल्या बाजूनं पोकळी दिसत असेल तर फळी ठोकायची. ओंडका होता तसाच उभा न्यायचा, कारण आत पोळी वरून खाली लोंबत असतात आणि आडवा केला की ती तुटून पिल्लांवर पडतात. तीन-चार किलोमीटर दूर, सावलीत, तोंड पूर्वेकडं करून दोरानं दुसऱ्या झाडाला पक्का बांधायचा, आणि जाळी काढून आपण तिथून निघून यायचं.