गोड तेवढेच लिहायचे?

प्रश्न : मुलीचा दहावीचा वर्ग निरोप समारंभासाठी आठवणींचे हस्तलिखित काढतो आहे. सगळ्यांनी फक्त चांगलेच लिहायचे, असे ठरले आहे. हे योग्य आहे का? – एक पालक

उत्तर : मला हा नियम पटत नाही. चांगले जपण्याचे काम स्मृती आपणहून करते. कागदाची खरी गरज उरलेल्या गोष्टींना असते. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपल्या हायस्कूलमधल्या श्रेणी आठवायला सांगितल्या आणि त्या शाळेच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. ‘ए’ श्रेणी ८९ टक्के वेळा अचूक आठवली, ‘डी’ मात्र २९ टक्केच. चुकलेल्या बहुतेक आठवणींत श्रेणी वाढलेली होती. शाळा सोडून फार काळ लोटलेला नसतानाही हे घडले!

यावर कुणी म्हणेल, कडू लिहिले तर समारंभाचा विरस होईल, शिक्षक दुखावतील. शंका रास्त आहे, आणि नावे घेऊन उणीदुणी काढू नयेतच. पण गणिताच्या तासाची धास्ती, मधल्या सुट्टीत एकट्याने खाल्लेला डबा, तुटलेली मैत्री हे नावांशिवायही लिहिता येते. शिवाय ज्यांची शाळा सुखाची गेली नाही, त्यांनी या नियमाखाली काय लिहायचे? एकतर खोटे, नाहीतर काहीच नाही. म्हणजे वर्गाच्या हस्तलिखितातून वर्गातलीच काही मुले गळतात, हे मला सर्वांत जास्त खटकते. वर्गशिक्षकांनी मजकूर आधी वाचून दुखावणारी नावे तेवढी गाळावीत. बाकीचे शब्द मुलांचे राहू द्यावेत.