जुन्या इंजिनला सिंथेटिक ऑइल : घालावे की न घालावे?

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग टेम्पो, पिकअप, जीप व त्यांची दुरुस्ती करणारी गॅरेजेही आली. आपल्या बांधवांपैकी कितीतरी जणांचे पोट या धंद्यावर चालते. यातल्या बऱ्याच गाड्या २-३ लाख किलोमीटर पळालेल्या असतात. अशा गाडीत महागडे सिंथेटिक ऑइल घालावे का, हा वाद गॅरेजवर नेहमी निघतो. एक मिस्त्री म्हणतो, "घाला, इंजिन नव्यासारखे होईल." दुसरा म्हणतो, "घातले की गळती सुरू झालीच म्हणून समजा." आमच्या मते दोघेही इंजिन न तपासता बोलतात.

गळतीची समजूत अगदीच निराधार नाही. १९७० च्या दशकात परदेशात जी सिंथेटिक ऑइल निघाली, त्यांतल्या काहींमुळे रबरी सील आकसत असत. पुढे कंपन्यांनी मिश्रणात सुधारणा केली आणि आजचे चांगले ऑइल धडधाकट सीलला अपाय करीत नाही. मात्र जुन्या इंजिनात टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशी, क्रँक सीलच्या कडेला काळा चिकट गाळ बसून फट बुजलेली असते. ऑइलमधली सफाई करणारी द्रव्ये तो गाळ सोडवतात आणि फट उघडी पडते. म्हणजे गळती ऑइलने आणली नाही, ती तिथे दडून होती. ग्राहकाला हे आधी सांगावे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

दुसरा घोटाळा ग्रेडचा. डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या घट्टपणाचा. पुष्कळशी सिंथेटिक ऑइल नव्या गाड्यांसाठी '५ डब्ल्यू ३०' किंवा त्याहूनही पातळ ग्रेडमध्ये येतात. '१५ डब्ल्यू ४०' किंवा '२० डब्ल्यू ५०' मागणाऱ्या झिजलेल्या इंजिनात ती ओतली की ऑइलचा दाब उतरतो, खडखड वाढते आणि बदनाम होते सिंथेटिक. ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेत लिहिली असेल तीच घ्यावी. डिझेल गाडीसाठी डब्यावरच्या एपीआय खुणेत 'सी'ने सुरू होणारा वर्ग असावा, उदाहरणार्थ सीएच-४ किंवा सीआय-४. पेट्रोलसाठी 'एस'ने सुरू होणारा.

आता हिशेब. सिंथेटिक ऑइल साध्या ऑइलच्या दुपटी-तिपटीने महाग पडते. ते परवडते ते जास्त किलोमीटर टिकते म्हणून. पण झिजलेल्या इंजिनात रिंगांच्या बाजूने जळका धूर, काजळी आणि कच्चे डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. ऑइल कितीही उंची असो, घाण झाले की बदलावेच लागते. शिवाय इंजिन ऑइल खात असेल तर वेगळाच खड्डा. समजा ७ लिटर ऑइल भरले आणि दर हजार किलोमीटरला १ लिटर जळाले, तर १० हजार किलोमीटरमध्ये आणखी १० लिटर ओतावे लागेल. म्हणजे महाग ऑइलचा धूर करून उडवणे. त्या पैशात रिंग-पिस्टनच्या कामाची निम्मी तजवीज होईल.

म्हणून मीटरवरचे किलोमीटर पाहून ठरवू नये, ऑइल किती कमी होते ते मोजून ठरवावे. गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे, हजार किलोमीटर चालवावी आणि पुन्हा त्या खुणेपर्यंत किती ओतावे लागते ते मोजून लिहून ठेवावे. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेले असते. चढाला, जोर दिल्यावर निळा धूर येत असेल, ऑइलचे झाकण उघडल्यावर बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, तर रिंग किंवा बोअर. अशा गाडीला साधे, योग्य ग्रेडचे ऑइल वेळेवर बदलत राहावे आणि इंजिनच्या कामासाठी पैसे बाजूला काढावेत.

याउलट ३ लाख किलोमीटर होऊनही ऑइल जेमतेम उतरत असेल, तर सिंथेटिक खुशाल घालावे. टर्बोच्या गाडीला तर त्याचा उपयोग अधिक, कारण टर्बोच्या आचेत साधे ऑइल लवकर करपते. मात्र बदलण्यापूर्वी फ्लशिंग करू नये. एकदम सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिन कोरडे पडते. फिल्टर नवा घालावा आणि पहिले ऑइल २-३ हजार किलोमीटरवरच काढून टाकावे. ते काळेकुट्ट निघाले तर घाबरू नये, सफाई चालू आहे.

खरेदी पक्क्या बिलावर करावी. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात हलके तेल भरून विकणारे आहेत आणि त्यांना ते डबे मिळतात आपल्याच गॅरेजमधून. डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोक पाडावे. काढलेले काळे ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते भीमेच्या पात्रात किंवा गटारात न ओतता पिंपात साठवून परवानाधारक घेणाऱ्यालाच द्यावे.