पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या

हे दोन्ही शिकारी पक्षी हिवाळ्यात दिल्लीनजीक सुलतानपूरच्या परिसरात, माळांवर व शेतांवर जमिनीलगत संथ घिरट्या घालतात. नर ओळखणे सोपे. पांढुरक्याचे पोट जवळजवळ पांढरे व पंखाच्या टोकाशी काळी पाचर. माँटेग्यूचा अधिक गडद राखी, पंखावर आडवा काळा पट्टा. खरी पंचाईत माद्यांची. दोघीही तपकिरी आणि दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. पांढुरक्याच्या मादीला गालामागे फिकट गळपट्टा असतो. मात्र तो दिसण्यास पक्षी बराच जवळून जावा लागतो. पांढुरक्याची गणना धोक्याच्या उंबरठ्यावरील जातींत होत असल्यामुळे नोंदीतील चूक क्षुल्लक ठरत नाही. शंका असल्यास ‘भोवत्या, मादी’ एवढेच लिहावे.