एकाच कंप्युटरवर विंडोज आणि लिनक्स : दुकानाच्या मशीनला हात लावण्याआधी

डुअल बूटचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्याच दिवशी लकडगंजच्या टिंबर मार्केटमधले एक काका सीपीयू स्कूटरवर समोर ठेवून दुकानात हजर झाले. "भाऊ, कंप्युटर चांगला चालून राहिला, मग नवीन काहून घ्यायचा? ते दुसरं सिस्टम टाकून दे." मी विचारलं, काका, टॅलीचा बॅकअप कुठं आहे? ते म्हणाले, "टॅलीतच असंल ना!"

म्हणून हा लेख. व्हिडिओत मी इन्स्टॉल करून दाखवलं, पण त्याच्या आधीचा भाग घाईत गेला. दुकानाच्या मशीनवर खरी जोखीम तिथंच असते.

आधी गरज कशाला, ते बघू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावनोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, बाकीच्यांचं मशीन चालू राहतं पण नवीन भोकं बुजत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्याकडच्या आरा मशीनवाल्यांच्या, प्लायवूडवाल्यांच्या काउंटरवर त्याहून जुनीच मशीन जास्त दिसतात. भुसा झटकला की ती मस्त चालतात. त्यांना लिनक्स मिंट किंवा उबंटू सहज पेलतं. पण टॅली फक्त विंडोजसाठी बनते, म्हणून विंडोज काढून टाकता येत नाही. (लिनक्सवर टॅली चालवायचे जुगाड आहेत. घरी गंमत म्हणून करा, हिशेबाच्या मशीनवर नको.)

तर डुअल बूट म्हणजे एका गादीवर दोन मुनीम. एकावेळी एकच बसतो. मशीन सुरू करताना तुम्ही ठरवायचं, आज कोण. बँक, मेल, जीएसटी पोर्टल, इंटरनेटचं सगळं लिनक्समध्ये करायचं. टॅली विंडोजमध्ये, आणि तिथं नेट शक्यतो बंद ठेवायचं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे आणि ई-इनव्हॉइस थेट टॅलीतून काढता, तर टॅलीला नेट लागणारच. मग ही वाटणी जमत नाही. तुम्ही नवीन मशीन घ्या, माझा वेळ आणि तुमचा पैसा दोन्ही वाचेल.

आता माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या मशीनवर उबंटू टाकत होतो. संध्याकाळची वेळ, दुकानात गर्दी, फोन चालू. इन्स्टॉलर विचारतो की विंडोजच्या शेजारी टाकू, की डिस्क पुसून टाकू? मी बोलता बोलता दुसरा पर्याय निवडला आणि पुढं, पुढं दाबत गेलो. दोन मिनिटांत अख्खी डिस्क साफ. ग्राहकाकडं पेन ड्राइव्हवर बॅकअप होता, पण चार महिन्यांपूर्वीचा. मग त्यांची बिलबुकं माझ्या घरी आणली आणि रात्री बसून चार महिन्यांच्या एंट्र्या पुन्हा मारल्या. ३-बी ची २० तारीख डोक्यावर होती. पैसे मागायचा प्रश्नच नव्हता. ग्राहक चांगला माणूस, अजून येतो, पण मशीन माझ्याकडं सोडून जात नाही. समोर खुर्ची टाकून बसतो.

जीएसटी कायद्यात हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची आहेत. म्हणजे तुमच्या डिस्कवर फक्त या वर्षाचा धंदा नाही, सहा वर्षांची जबाबदारी आहे.

म्हणून पहिलं काम बॅकअप. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप. सगळ्या कंपन्या घ्या, मागची वर्षंसुद्धा. एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या कंप्युटरवर. तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या कंप्युटरवरच्या टॅलीत तो रिस्टोर करून ट्रायल बॅलन्स जुळवून बघा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. बिलांचे पीडीएफ, फोटो, डेस्कटॉपवर पडलेल्या एक्सेल फाइल, हे वेगळं कॉपी करा. टॅलीच्या बॅकअपमध्ये ते येत नाही.

दुसरं, डिस्क किल्लीबंद आहे का ते बघा. नवीन लॅपटॉपवर बिटलॉकर तुम्हाला न विचारता चालू असू शकतं. बूटच्या सेटिंगला हात लागला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर उतरवा. ते खातं दुकान सोडून गेलेल्या पोराच्या नावावर असेल, तर इथंच थांबा आणि आधी ते निस्तरा.

तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज 'शट डाउन' म्हटलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहायला गेलात तर लिहू देत नाही, आणि जबरदस्ती केली तर फाइली बिघडतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटण काय करतं या जागी ती खूण आहे. आणि टॅलीच्या डेटा फोल्डरला लिनक्समधून कधीच हात लावायचा नाही.

आता पार्टिशन. व्हिडिओत मी एकाच डिस्कवर विंडोजची जागा कमी करून दाखवली, कारण बघणाऱ्यांना तेच हवं असतं. पण दुकानाच्या डेस्कटॉपसाठी माझा सल्ला वेगळा आहे. २४० जीबीची एक छोटी एसएसडी वेगळी घ्या. मशीन बंद करून प्लग काढा, जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, फक्त नवीन एसएसडी लावा आणि तिच्यावर लिनक्स टाका. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसता येत नाही. झालं की जुनी केबल परत लावा. सुरू करताना बूट मेनूची की दाबून (मदरबोर्डप्रमाणे एफ ८, एफ ११ किंवा एफ १२) डिस्क निवडा. त्या चुकीनंतर मी बहुतेक सगळ्यांना असंच करून देतो.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कची सोय नसेल तर एकाच डिस्कवर करावं लागतं. मग जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच कमी करा, इन्स्टॉलरमधून नाही. मिंटला १०० जीबी दिली तर निवांत. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा. शेजारी आरा मशीन सुरू झाली की आमच्याकडं दिवे कसे मिचकतात, ते लकडगंजवाल्यांना सांगायला नको.

कधीतरी विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्स उघडत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनंतर बऱ्याच डुअल बूटवाल्यांना हे झालं, सिक्योर बूटने जुना लिनक्स बूटलोडर नाकारला. घाबरू नका, डेटा जागेवर असतो. सिक्योर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स उघडा, अपडेट करा, परत चालू करा.

काकांचं सांगायचं राहिलं. एसएसडी लावून दिली, तिसऱ्या दिवशी फोन आला. "भाऊ, विंडोजचं घड्याळ सकाळी अकराला साडेपाच दाखवून राहिलं!" बरोबर साडेपाच तास मागं. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेला लावतं, विंडोज तीच वेळ भारतातली समजतं, आणि आपलं अंतर साडेपाच तासांचं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एका ओळीची कमांड व्हिडिओखाली दिली आहे. काकांना ती फोनवर अक्षर अक्षर सांगितली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली.